मॅडमचं रिन्यूअल

मी चौथीत असताना आईनं बोलणं बंद केलं. धाकटा भाऊ नुकताच झाला होता. ती त्याला पाजायची, आमच्यासाठी भाकरी थापायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. मग भाकरीही बंद झाली. बाबा पांढुर्ण्याच्या मंडीत हमाल होते, संत्र्याच्या सीझनमध्ये पेट्या चढवायचे, बाकीच्या दिवसांत जे पोतं मिळेल ते उचलायचे. शेजारच्यांनी सांगितलं, जामसांवलीच्या मारुतीला न्या, तिथं मन बिघडलेली माणसं बरी होतात. मग आम्ही सगळेच जामसांवलीला जाऊन राहिलो. बाबांची मजुरी बुडाली. मोठ्या भावाची शाळा सुटली ती कायमची. मी त्या जागेला नावं ठेवत नाही. तिथं आईसारख्या पुष्कळ बाया होत्या आणि कोणी कोणाला हसत नव्हतं. हळूहळू आई जेवायला लागली, आणि एक दिवस तिनं मला हाक मारून वेणी घालायला समोर बसवलं. आम्ही घरी परत आलो. पण तुला झालं तरी काय होतं, हे तिला आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. असं विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

पुढे मी शिकले. आमच्या घरातलं माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं असेल तर ते बाबा, आणि तेही नव्या इमारतीचं काम चालू होतं तेव्हा डोक्यावर सिमेंट घेऊन. हे मी लाजत सांगत नाही. मानसशास्त्रात एम.ए. केलं, काउन्सेलर झाले, आणि आता बरीच वर्षं काउन्सेलरांची असेसर आहे. म्हणजे असं की, काउन्सेलर लोकांचा एक संघ आहे. सरकारी नाही, पण त्याची मान्यता असली तर शाळा आणि दवाखाने माणसाला दारात उभं करतात, नाहीतर करत नाहीत. जो अर्ज करतो त्याची फाईल मी वाचते, समोरच्याच्या परवानगीनं केलेलं बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकते, त्याची खोली जाऊन पाहते, आणि मंजूर की नामंजूर ते लिहिते.

काम थकवणारं आहे. तीन फायलींमध्ये एकमेकांवरून उतरवलेली एकच दुःखी बाई सापडते, फक्त वय बदललेलं असतं. शनिवार-रविवारचा कोर्स करून लोक सोमवारी पाटी लावतात. फोन येतात, "ताई, तुम्ही तर आपल्याच गावच्या." नामंजूर लिहिलं की लग्नात भेटल्यावर माणसं तोंड फिरवतात. कधी कधी फाईल मांडीवर घेऊन मी नुसतीच बसून राहते. अशा वेळी मला मॅडम आठवतात. ह्या कामात मला त्यांनी ओढलं, म्हणून थोडा रागही येतो.

मॅडम सौसरच्या. सरकारी कॉलेजात मानसशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. मालक लवकर गेलेले, मुलगी दूर दिलेली. घराच्या पुढच्या खोलीत त्या लोकांना भेटायच्या, आणि संघाच्या ह्या भागातल्या असेसर त्याच. उंच, सुकलेल्या, पायात पुरुषी चपला. सगळ्यांना "तुम्ही" म्हणायच्या. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा. दारात आडवा पडला असला तर "जरा सरकता का" म्हणून त्याच्या उठण्याची वाट पाहत उभ्या राहायच्या.

माझी त्यांची पहिली भेट म्हणजे माझं नापास होणं. माझी फाईल चांगली होती, मला त्याचा गर्व होता. त्यांनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि रेकॉर्डिंग लावलं. त्यात एक मुलगी रडत होती आणि मी तिला म्हणत होते, "सगळं ठीक होईल." मॅडमनी तिथं थांबवलं.

"हे तुम्हाले कोणी सांगितलं?"

"काय मॅडम?"

"सगळं ठीक होणार आहे म्हणून."

मी म्हटलं, तिला धीर देत होते.

"धीर तुम्हाले पाहिजे होता. तिचं रडणं तुम्हाले सहन होऊन नाही राहिलं, म्हणून तुम्ही तिले गप्प केलं. पुढे ऐका, ती बोललीच नाही."

खरंच बोलली नव्हती. मी मात्र त्या दिवशी मानलं नाही. पांढुर्ण्याच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आईनं विचारलं, "काय म्हणे तुही मॅडम?" मी म्हटलं, "बुढी खडूस आहे." आई म्हणाली, "असन बापा. शिकलेल्या बाया खडूसच रायतात, तू बी होशीन." पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले आणि पास झाले. निकाल सांगून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "एका दिवसात कितीक लोकं पाहता? वेळ असन तर माझ्यासंग असेसमेंटले चालत जा. माझे गुडघे आता एकटे येत नाहीत."

त्यांच्यासोबत गेल्यावर त्यांच्या तऱ्हा कळल्या. पहिली ही की निकालाआधी अर्जदाराच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. स्वतःची बाटली, स्वतःचे भाजलेले शेंगदाणे. मला म्हणायच्या, "चहा प्यायलं का जीभ जड होते. मग नामंजूर म्हणता येत नाही."

दुसरी, खोलीत शिरल्यावर सगळ्यात आधी दुःख सांगणारा माणूस जिथं बसतो त्या खुर्चीत जाऊन बसायचं. काही बोलायचं नाही. नुसतं बघायचं. अर्जदार उभ्यानं घामाघूम व्हायचा. मोहगावला एक रिटायर्ड गुरुजी होते, त्यांनी काउन्सेलिंग सुरू केलं होतं. मॅडम त्या खुर्चीत बसल्या आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "गुरुजी, हे घड्याळ कोणासाठी आहे?"

घड्याळ बरोबर समोर होतं. त्याच्या आजूबाजूला गुरुजींची फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, आणि एका मंत्र्याला हार घालतानाचा फोटो.

"वेळ समजावा म्हणून लावलं," गुरुजी म्हणाले.

"रडणाऱ्यानं घड्याळ पाहत रडावं का?"

मग रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात गुरुजी बोलत होते. समोरचा माणूस मधूनमधून "हो सर" म्हणत होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शिकवून राहिले गुरुजी. तो मुकाट्यानं शिकून राहिला. हे नामंजूर."

आतून गुरुजींच्या बायकोनं सांबारवड्या तळून आणल्या होत्या. कोथिंबिरीचा, गरम तेलाचा वास खोलीभर झाला होता, आणि आता ताट कुठं ठेवावं हे तिला कळेना. मॅडमनी पदर सावरला. "निकाल झाला ना? आता वाढा." दोनदा मागून घेतल्या. निघताना गुरुजींच्या बायकोला म्हणाल्या, "वडी पास आहे." गुरुजींना हसावं की रडावं कळेना. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले आणि पास झाले, तेव्हा बोलले, "बाई, तुम्ही नापास केलं त्याचं नाही, पण वरून जेवल्या त्याचं मले लय दिवस लागलं."

तिसरी तऱ्हा खोलीची. आतलं बोलणं बाहेर जातं का, हे संघाच्या कागदावर नुसतं हो किंवा नाही लिहायचं असतं. बाकीचे असेसर दार ढकलून पाहतात आणि लिहितात. मॅडम मला बाहेरच्या बाकावर बसवायच्या, दार लावून घ्यायच्या आणि आत एकट्या, रोजच्या आवाजात, भाजी कशी करायची ते सांगायच्या. बाहेर येऊन विचारायच्या, "काय आलं कानावर?" मी म्हणायचे, "मेथी निवडण्यापर्यंत आलं, पुढचं नाही." मग त्या लिहायच्या, दाराला खाली फट आहे, बुजवा. छोट्या गावात ह्यावर सगळं अवलंबून असतं. मोठ्या शहरात बाहेर बाकावर अनोळखी माणूस असतो. आमच्याकडे नणंदेची जाऊ असते.

तिगावला जे झालं ते ह्याच तपासणीत झालं. स्टेशनाजवळ एका मुलीनं आपल्या घरातच खोली केली होती. प्लायवूडची भिंत, पलीकडे स्वयंपाकघर. त्या दिवशी मॅडमचे गुडघे फारच दुखत होते. म्हणाल्या, "आज तुम्ही आत जा, मी बाकावर बसते." मी आत जाऊन भरल्या वांग्याची भाजी सांगितली, मसाला भाजण्यापासून. बाहेर आले. मॅडम म्हणाल्या, "काहीच आलं नाही. खोली चांगली आहे." बाकीचं सगळं ठीक होतं, मुलगी हुशार होती. मॅडमनी मंजूर सांगितलं आणि पाणी मागितलं. मुलीची आई पाणी घेऊन आली, माझ्याकडं पाहून हसली.

"बाई, वांग्यात तुम्ही चिंच नाई टाकत का? आमच्याकडे चिंचेबिगर जमत नाई."

मुलीचा चेहरा पडला. तिला काय झालं ते कळलं होतं. मला दोन गोष्टी कळल्या. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं, ही एक. दुसरी, मॅडमना ऐकू येत नव्हतं. त्या समोर पेला हातात घेऊन बसल्या होत्या आणि विचारत होत्या, "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हटलं, "मॅडम, खोलीतलं बाहेर येऊन राहिलं. ह्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं."

मॅडमनी पेला खाली ठेवला. मुलीला म्हणाल्या, "निकाल मी परत घेते. भिंत पक्की करा, मग बोलवा. चूक माझी आहे, तुमची नाही." भिंत पक्की झाल्यावर त्या मुलीला मान्यता मिळाली, पण ते नंतरचं.

स्टेशनावर पॅसेंजरची वाट पाहत बसलो होतो. मी म्हटलं, नागपूरला कान दाखवू. मला दोनदा म्हणावं लागलं.

"दाखवले मी," त्या म्हणाल्या. "मशीन सांगितली आहे दोन्ही कानांले."

"मग काहून नाही लावली?"

त्या रुळांकडे पाहत राहिल्या. "माझ्या सासऱ्याले होती. मशीन दिसली का लोकं ओरडून बोलतात. आमचं सगळं घर त्यांच्याशी ओरडायचं. जेवले का, गोळी घेतली का. त्यापलीकडे त्यांच्याशी कोणी काही बोललंच नाही, मरेपर्यंत. मनातलं ओरडून सांगता येते का कोणाले? माझ्याकडे बाया येतात त्या कुजबुजायले येतात. मशीन पाहून त्या मोठ्यानं बोलायले लागतील, नाहीतर येणंच सोडतील."

"पण ऐकू नाही आलं तर?"

"मी तोंडाकडे पाहते. ओठ समजतात मले."

गाडी आली.

त्याच वर्षी त्यांचं रिन्यूअल आलं. काही वर्षांनी प्रत्येक काउन्सेलरला नवी फाईल, नवं रेकॉर्डिंग देऊन पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. मॅडमही त्यातून सुटत नव्हत्या. संघाच्या ऑफिसातून मला फोन आला, तुम्ही जवळ आहात, तुम्हीच करा. मी म्हटलं, त्यांनी मला शिकवलं आहे, दुसरं कोणी पाठवा. ते म्हणाले, त्यांनीच तुमचं नाव दिलं आहे. मी मॅडमना फोन केला.

"तुम्हीच या," त्या म्हणाल्या. "दुसरा कोणी आला तर माझे पांढरे केस पाहून सही करून देईल."

रिन्यूअल झालं नसतं तर ती पुढची खोली बंद झाली असती. नोकरी संपल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. आणि सौसरच्या बायांना मनातलं बोलायला जायला दुसरी जागा नव्हती. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं.

रेकॉर्डिंग मी आधी घरी ऐकलं, इयरफोन लावून. ते एका बाईचं होतं, पुष्कळ महिन्यांपासून येणारी. रेकॉर्डिंग ऐकणारा पुरुष आहे का बाई, एवढंच तिनं विचारलं होतं आणि परवानगी दिली होती. सुरुवातीला मला माझीच लाज वाटली, मी ह्यांना काय तपासणार. मॅडम जवळजवळ बोलतच नव्हत्या. बाई बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. तिनं बहुतेक तोंड फिरवलं असावं, पदर तोंडावर घेतला असावा. आणि अगदी बारीक आवाजात ती एक वाक्य बोलली.

ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की ज्या गोष्टीसाठी ती इतके महिने येत होती ती गोष्ट त्या वाक्यात होती, आणि घरात तिच्या जिवाला धोका होता.

त्यावर मॅडम म्हणाल्या, "हं. मग भाचीचं लग्न कधी म्हणाल्या?"

बाई खूप वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात." आणि शेवटपर्यंत लग्नाचंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी सौसरला गेले. मॅडमनी सवयीनं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला, मग स्वतःच उचलला. "आज तुम्ही असेसर आहात." मी समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. ती खुर्ची त्यांच्या खुर्चीच्या इतकी जवळ ओढलेली होती की गुडघे लागत होते.

"ही एवढी जवळ काहून?"

"तुम्हाले माहीत आहे."

"दुसऱ्या कोणाच्या खोलीत तुम्ही हे चालू दिलं असतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं, आवाज होता तेवढा वाढवला. त्या वाक्याच्या पुढे जाऊन थांबवलं.

"इथं ती काय म्हणाली मॅडम?"

"इथं? इथं रडली ना ती. तोंड फिरवलं होतं. मी तिले सावरायले वेळ दिला, मग लग्नाचं विचारलं."

"रडली नाही. बोलली."

त्या माझ्या ओठांकडे पाहत होत्या. "काय बोलली?"

समोरचं दार उघडं होतं, गल्लीत भाजीवाला उभा होता. मी उठून दार लावलं, त्यांच्या कानाजवळ वाकले आणि ते वाक्य सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळलं नाही म्हणून. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं सांगावं लागलं, आणि तेव्हा मला समजलं की त्या मशीन का लावत नव्हत्या. ते वाक्य मोठ्यानं निघत नव्हतं. माझ्याच्यानंसुद्धा.

त्यांना ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"अन् मी भाचीचं लग्न विचारलं."

"हो."

"तिनं परत सांगितलं नाही?"

"नाही."

त्या म्हणाल्या, "मग तुम्ही कशाची वाट पाहून राहिल्या? लिहा ना."

मी लिहिलं. नामंजूर. कारणाच्या जागी लिहिलं की काउन्सेलरला पुरेसं ऐकू येत नाही आणि त्यामुळं समोरच्या व्यक्तीला धोका आहे. त्यांनी ते वाचलं, सही केली. "निकाल झाला. आता पाणी घ्या," म्हणाल्या, पण ग्लास दोघींनीही उचलला नाही. त्यांनी त्या बाईला फोन लावला. फोन माझ्याकडे दिला, कारण पलीकडचं त्यांना ऐकू येणार नव्हतं. "तिले उद्याच बोलवा. म्हणा, मागच्या वेळची एक गोष्ट माझ्याकडून राहिली."

बाई दुसऱ्या दिवशी आली. मॅडमनी तिला विचारलं, ह्या बसल्या तर चालेल का, आणि ती हो म्हणाल्यावर मी बाजूला स्टूलवर बसले. मॅडमनी काहीही आढेवेढे घेतले नाहीत. "मले कमी ऐकू येते," म्हणाल्या. "मी सगळ्यांपासून लपवलं. तुम्ही तोंड फिरवून जे बोलल्या ते मले ऐकूच आलं नव्हतं."

ती बाई म्हणाली, "मले वाटलं, तुम्हाले आयकू आलं अन् तुम्ही बी टाळलं. घरचे टाळते तसं."

एवढी वर्षं त्यांच्यासोबत हिंडले, पण मॅडमना काही सुचलं नाही असं मी तेव्हाच पाहिलं. त्या नुसत्या "नाही," म्हणाल्या. "नाही हो." आणि तिचा हात धरला. मग त्या बाईनं पदर खाली घेतला, तोंड समोर केलं आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं, ह्या वेळी दोघींना ऐकू जाईल असं. त्यानंतर काय करायला पाहिजे होतं ते आम्ही दोघींनी मिळून केलं.

मॅडम त्याच आठवड्यात नागपूरला जाऊन मशीन घेऊन आल्या. खोली काही महिने बंद होती. त्या ओसरीवर बसायच्या, आणि कोणी आलं तर पांढुर्ण्याला माझ्याकडे पाठवायच्या. माझं काम दुप्पट झालं. मी कधी दमून फोन केला तर म्हणायच्या, "हळू बोला, मले आता ऐकू येते." पहिल्या दिवसांत लोक ओरडलेच. मॅडम प्रत्येकाला हातानं थांबवायच्या आणि म्हणायच्या, तुमच्या आवाजात बोला. काही बाया यायच्या बंद झाल्या, हे खरं आहे. बऱ्याच राहिल्या.

असेसरचं काम त्यांनी स्वतः सोडलं. त्यांच्या फायली माझ्याकडे आल्या, अजून येत आहेत, आणि मी अजून थकलेलीच आहे. काउन्सेलर म्हणून मात्र त्यांनी रिन्यूअलसाठी पुन्हा अर्ज केला. ह्या वेळी नागपूरहून असेसर आले. मी मुद्दाम त्या दिवशी सौसरला गेले नाही.

ती बाई आता सुखरूप आहे, एवढं लिहायची परवानगी तिनं दिली आहे. मॅडमचं रिन्यूअल मंजूर झालं.